उत्तर न मागणारा नमस्कार

विज्ञानकथा हा शब्द उच्चारला, की आपल्या मंडळींच्या चेहऱ्यावर एक क्षमाशील हसू उमटते. उडत्या तबकड्या, हिरवी माणसे आणि शाळकरी मुलांची सुट्टी एवढेच त्या हसण्यामागे असते. संतवाङ्मय, नाट्यसंगीत, बखरी, फार तर ऐतिहासिक कादंबरी हे बडोद्याच्या मराठी घरांचे पिढीजात धन. त्यात परग्रहावरच्या जीवांना जागा कोण देणार? तरीही या अंकासाठी मी हाच विषय घेतला आहे. त्याची कारणे दोन. एक वाङ्मयीन आहे, दुसरे घरगुती. दुसऱ्याकडे जाणारी वाट पहिल्यावरूनच जाते, म्हणून वाचकांनी थोडा धीर धरावा, ही विनंती.

मराठी विज्ञानकथेचा इतिहास सांगणारे बहुधा ज्या लेखनापासून आरंभ करतात, ते पुण्यात वा मुंबईत प्रसिद्ध झालेले नाही. कृष्णाजी नारायण आठल्ये यांचे ‘केरळ कोकिळ’ हे मराठी मासिक कोचीनहून निघत असे. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यात ज्यूल व्हर्नच्या कादंबरीवरून घेतलेली ‘चंद्रलोकची सफर’ क्रमशः येऊ लागली. मला या गोष्टीचे मोठे अप्रूप वाटते. मराठी मुलखापासून शेकडो कोस दूर, मल्याळी बोलणाऱ्यांच्या गावात बसून एक मराठी संपादक आपल्या वाचकांना चंद्रावर नेत होता! घर सोडून आलेल्या माणसाला आणखी दूरच्या प्रवासाची कल्पना करणे सोपे जात असावे. आपले पूर्वज दमाजीराव गायकवाडांच्या किंवा पुढे सयाजीराव महाराजांच्या काळात इकडे आले, तेव्हा त्यांच्या दृष्टीने विश्वामित्रीचा काठ हाही एक परलोकच होता.

पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्नच्या कादंबऱ्या मराठी मुलांच्या हाती दिल्या. त्यांतील ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ आमच्या घरी आले, ते माझ्या थोरल्या बंधूंमुळे. त्यांना आम्ही सर्व अण्णा म्हणतो. एक धूमकेतू पृथ्वीला घासून जातो आणि पृथ्वीचा एक तुकडा त्यावरील माणसांसह घेऊन निघतो, अशी ती कथा. आम्ही तेव्हा दांडिया बाजारातील वाड्यात राहत होतो. वाड्याच्या गच्चीवर झोपायच्या वेळी अण्णा ते पुस्तक वाचून दाखवीत. आमचा वाडा धूमकेतूवर गेला तर सोबत कोण कोण येईल, याची यादी आम्ही भावंडे करीत असू. त्या यादीत दूधवाला असे, समोरच्या गुजराती कुटुंबातील सर्व मुले असत. शेजारच्या एका खाष्ट काकूंचे नाव मात्र रोज खोडले जाई. पुढे कुटुंब कारेलीबागेत, पाण्याच्या टाकीजवळच्या एका सोसायटीत राहावयास आले. वाडा गेला, गच्ची गेली. अण्णांचे हे वेड मात्र त्यांच्यासोबत आले आणि वयाबरोबर वाढत गेले.

डॉ. जयंत नारळीकर यांच्या कथांची ओळखही मला अण्णांनीच करून दिली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ नावाच्या अपरिचित लेखकाच्या ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. ज. वि. ना. ही आपली आद्याक्षरे उलट क्रमाने लिहून नारळीकरांनी ते नाव सिद्ध केले होते. पुढे ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह आला, ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’, ‘व्हायरस’ या कादंबऱ्या आल्या. २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, तेव्हा विज्ञानकथेकडे पाहून हसणाऱ्यांचे हसू थोडे तरी ओसरले असावे. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्याविषयी एक गोष्ट आपल्यासारख्यांनी विशेष ध्यानात ठेवावी. कोल्हापूरला जन्मलेला हा माणूस वाढला बनारसला. वडील तेथील हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. बाहेर हिंदी आणि घरात मराठी, ही आपल्या परिचयाचीच स्थिती. ‘चार नगरांतले माझे विश्व’ या त्यांच्या आत्मचरित्राला २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्या चार नगरांतले पहिले नगर महाराष्ट्राबाहेरचे आहे.

कदाचित म्हणूनच, परग्रहावरील जीवाची कथा लिहिताना त्यांनी आक्रमणाची कथा लिहिली नाही. ‘प्रेषित’मध्ये दूरच्या ताऱ्याकडून आलेले एक मूल पृथ्वीवर माणसाच्या घरात माणसासारखे वाढते. त्या मुलाचे घर कोणते, जन्म दिला ते की जेवू घातले ते, हा त्या कथेच्या पोटातला प्रश्न आहे. ‘वामन परत न आला’मध्ये वीस सहस्र वर्षांपूर्वी लोप पावलेल्या एका मानवी संस्कृतीचा ठेवा जमिनीखाली सापडतो. त्यातील ज्ञानाच्या आधारे माणसे वामन नावाचा बुद्धिमान यंत्रमानव घडवितात. हाती आलेले ज्ञान पेलण्याइतके शहाणपण हाती आलेले असेलच असे नाही, हे त्या कथेत वाचकाला हळूहळू उमगत जाते. दोन्ही कथांत आकाशापेक्षा माणूसच अधिक आहे. माणसाची मर्यादा कोठे लागते, हे दाखविण्यासाठी लेखकाने आकाशाचा मोजपट्टीसारखा उपयोग केला आहे.

नारळीकरांचे केंब्रिजमधील गुरू फ्रेड हॉईल यांनी हीच मोजपट्टी आणखी पुढे नेली होती. त्यांच्या १९५७ सालच्या ‘द ब्लॅक क्लाउड’ या कादंबरीत वायूचा एक प्रचंड काळा मेघ सूर्यमालेत येतो आणि तो मेघच एक बुद्धिमान जीव असल्याचे शास्त्रज्ञांच्या ध्यानी येते. ग्रहाच्या पाठीवर राहणारे जीव विचार करू शकतात, याचेच त्या मेघाला आश्चर्य वाटते! संभाषण जमते. निघण्यापूर्वी मेघ आपले ज्ञान माणसाला द्यावयास तयार होतो, आणि ते ग्रहण करू पाहणारे दोन शास्त्रज्ञ त्या भाराने मरण पावतात. देणाऱ्याच्या मनात कपट नसते, घेणाऱ्याला इच्छा नसते असेही नाही. पात्र लहान पडते. त्यानंतर चार वर्षांनी पोलंडच्या स्तानिस्लाव लेम यांनी ‘सोलॅरिस’ लिहिली. तेथे एका ग्रहावर सजीव महासागर आहे. पिढ्यान्‌पिढ्या विद्वान त्याचा अभ्यास करतात, ग्रंथांची कपाटे भरतात, आणि महासागर त्यांच्या एकाही प्रश्नाला उत्तर देत नाही. तो करतो ते एवढेच, की माणसांच्याच स्मृतीतील माणसे त्यांच्यासमोर उभी करतो. अण्णांना हॉईल प्रिय, मला लेम. यावरून आमचे वाद होत आणि वहिनी चहाचे कप आपटून ठेवीत, तेव्हाच ते थांबत.

कथा सोडून प्रयोगाकडे वळले तरी मर्यादेची हीच रेघ आडवी येते. जीवसृष्टीची बीजे अंतराळातून पृथ्वीवर येत असावीत, हे हॉईल आणि चंद्र विक्रमसिंगे यांचे मत. ते तपासण्यासाठी नारळीकरांच्या पुढाकाराने जानेवारी २००१ मध्ये हैदराबादहून एक फुगा सोडण्यात आला. त्याने ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने निर्जंतुक कुप्यांत भरून आणले. एप्रिल २००५ मध्ये दुसरा फुगा गेला. त्या नमुन्यांत जिवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्याचे २००९ साली जाहीर झाले. एकीला हॉईल यांचे नाव मिळाले, एकीला इस्रोचे, एकीला आर्यभटाचे. जाहीर करणाऱ्यांनी त्याच वेळी सांगितले, की हे जीव पृथ्वीबाहेरून आल्याचे यावरून सिद्ध होत नाही. पुढे आर्यभटाच्या नावाचा जिवाणू साध्या जमिनीतही आढळला. ४१ किलोमीटर म्हणजे येथून पाव्यागडाइतकेही अंतर नव्हे. एवढ्या उंचीवर भेटलेला जीव आपला की परका, हे ठरविणेही इतके कठीण आहे.

आणि उंच तरी कशाला जावे? कारेलीबागेच्या कडेने वाहणाऱ्या विश्वामित्रीत मगरी आहेत, हे बाहेरगावच्या पाहुण्यांना सांगितले, की त्यांना थट्टा वाटते. ऑगस्ट २०२४ च्या पुरात त्या वस्त्यांत शिरल्या, तेव्हा ती थट्टा नाही हे वृत्तपत्रांतून सर्वांना कळले. त्यांचे कुळ डायनासोरांच्या काळापासून चालत आले आहे. आपण पुलावरून जातो आणि खाली चिखलात तो जीव उन्हाला जबडा उघडून पडलेला असतो. त्याला आपण दिसतो. दिसतो म्हणजे काय होते, हे मात्र आपल्याला सांगता येणार नाही. शेकडो वर्षांचा शेजार असून आपल्याला त्याच्या मनाचा दरवाजा कोठे आहे, हे ठाऊक नाही. मग प्रकाशवर्षांपलीकडच्या शेजाऱ्याची काय कथा!

तरीही माणसाने त्या शेजाऱ्याला पत्र धाडले आहे, आणि ते आपल्या घरच्या भाषांत आहे. १९७७ साली व्हॉयेजर नावाची दोन याने सुटली. दुसऱ्या क्रमांकाचे २० ऑगस्टला आणि पहिल्या क्रमांकाचे ५ सप्टेंबरला. प्रत्येकावर तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली एक बारा इंची तबकडी बसविली आहे. तीत ११५ चित्रे, पृथ्वीवरील नाना ध्वनी, सुमारे दीड तासाचे संगीत आणि ५५ भाषांतील अभिवादने आहेत. ही तबकडी सिद्ध करणाऱ्या मंडळाचे प्रमुख होते कार्ल सेगन. त्या ५५ भाषांत मराठी आहे आणि गुजरातीही आहे, हे कळले त्या दिवशी अण्णांनी सोसायटीत पेढे वाटले होते.

या दोन अभिवादनांचा आशय मी आपणांस सांगते. मराठीत नमस्कार करून म्हटले आहे, की पृथ्वीवरील लोक तुम्हाला आपले शुभविचार पाठवीत आहेत आणि या जन्मी तुम्ही धन्य व्हावे अशी त्यांची इच्छा आहे. गुजरातीत पृथ्वीवरील एका मानवाकडून अंतराळात वसणाऱ्यांना अभिनंदन दिले आहे, आणि पुढे म्हटले आहे, की संदेश मिळाल्यावर उलट संदेश पाठवावा. बडोद्याच्या मराठी माणसाला हे ऐकून हसू आल्यावाचून राहणार नाही. आपली भाषा दाराशी आलेल्याला आशीर्वाद देऊन मोकळी होते. समोरचा जीव मेघ असो की महासागर, त्याला ‘या जन्मी’ म्हणजे काय हे कळेल, असे तिने गृहीतच धरले आहे! आणि शेजारच्या भाषेला सातासमुद्रांपार पेढ्या चालविण्याचा अनुभव आहे. पत्र पाठविले तर पोच हवी, हा तिचा रोकडा शिष्टाचार. अण्णा म्हणत, यात गुजराती शहाणी. उत्तर मागितले नाही, तर समोरच्याला ते द्यावेसे तरी का वाटेल? मी म्हणे, मराठीला अंतराचा हिशेब अधिक ठाऊक आहे. पहिले व्हॉयेजर ग्लीझ ४४५ या ताऱ्याच्या आसपास पोहोचेल ते सुमारे ४०,००० वर्षांनी, आणि तेव्हाही ते त्यापासून दीड प्रकाशवर्षाहून अधिक दूर असेल. तेथून उत्तर आले तर ते घ्यावयास ‘आपण’ कोण असणार?

त्या तबकडीवर भारताचे एक गाणेही आहे. केसरबाई केरकरांची भैरवीतील ‘जात कहाँ हो’, साडेतीन मिनिटांची. गोव्यातील केरी गावी १८९२ साली जन्मलेल्या, अल्लादियाखाँसाहेबांच्या या शिष्येचे निधन १६ सप्टेंबर १९७७ रोजी झाले. त्यांचा स्वर घेऊन पहिले व्हॉयेजर निघाले त्याला तेव्हा अकरा दिवस झाले होते. ज्या गावाने फैयाजखाँसाहेबांना ऐकले, ज्या गावात १८८६ साली संगीतशाळा निघाली, त्या गावाला यातली गोडी सांगावयास नको. भैरवी आपण मैफलीच्या शेवटी गातो. ज्यांनी ती निवडली त्यांना हा संकेत ठाऊक होता की नाही, कोण जाणे. पण निरोपाचा राग बरोबर जागी जाऊन बसला आहे.

आता घरगुती कारणाकडे येते. तीन वर्षांपूर्वी अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि पाय काही महिन्यांत पुष्कळ सुधारले. वाचा मात्र गेली. याला वैद्यकात वाचाघात म्हणतात. मेंदूच्या डाव्या गोलार्धातील काही भागांस इजा झाली, की घसा, जीभ, कान शाबूत असूनही शब्द हाती लागत नाहीत. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या शल्यवैद्याने अशाच एका रुग्णाच्या मेंदूची तपासणी करून वाचेचे हे स्थान दाखविले. तो रुग्ण कित्येक वर्षे ‘तां’ एवढेच एक अक्षर उच्चारीत असे. अण्णांकडे एक शब्द उरला: ‘चालेल’. आपल्या बडोदी बोलण्यात हा शब्द दिवसातून पन्नास वेळा येतो, म्हणून कदाचित तो सर्वांत खोल रुजला असावा. भूक लागली तरी ‘चालेल’, दुखले तरी ‘चालेल’, आणि संताप आला, की टेबलावर मूठ आपटूनही ‘चालेल’!

आम्हा सर्वांचा पहिला समज असा, की आत पूर्वीचे अण्णा जसेच्या तसे बसले आहेत आणि केवळ दार अडकले आहे. तज्ज्ञ बाईंनी सांगितले, की तसे असेलही आणि नसेलही. या आजारात बोलणे जाते तसे समजणेही कमीअधिक जाते. किती गेले आहे, हे बाहेरून नेमके मोजता येत नाही. मग आमचे प्रयोग सुरू झाले. चित्रांचा तक्ता केला. होकारासाठी एक टिचकी आणि नकारासाठी दोन असा संकेत ठरविला. परग्रहवासीयांशी संभाषण करावयाचे तर ते अंकांवरून करावे, कारण दोन आणि दोन चार हे सर्व विश्वात खरे, असे शास्त्रज्ञ म्हणतात. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकविले, म्हणून मीही अंकांवर भिस्त ठेवली. एका टिचकीचा अर्थ सकाळी होकार होता. संध्याकाळी तो तसाच राहील याचा भरवसा नव्हता. संकेत टिकावयाचा तर दोन्ही टोकांना तो स्मरणात असावा लागतो. सयाजीराव महाराजांनी १९३१ साली राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतील कोश ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ या नावाने प्रसिद्ध करविला. आठ भाषांचे मनोमीलन एका ग्रंथात झाले, कारण आठही भाषा बोलणाऱ्यांकडे शब्द होते. माझ्या पाठच्या नव्हे, आधीच्या, सख्ख्या भावाच्या आणि माझ्यामध्ये असा कोश करावा तर त्याच्या एका स्तंभात एकच शब्द लिहावा लागला असता.

काही वाचाघाती रुग्णांना बोलता येत नाही, पण गाण्यातून शब्द उच्चारता येतात. कारण सुरांचे काम मेंदूचा उजवा गोलार्ध पुष्कळसे सांभाळतो. हे कळल्यावर वहिनींनी एके दिवशी केसरबाईंची ती भैरवी लावली. अण्णा गाऊ लागले, असे लिहिण्याचा मोह मला होतो, पण तसे घडले नाही. ते डोळे मिटून बसले आणि षड्जाच्या आसपास बराच वेळ गुणगुणत राहिले. शब्द एकही नव्हता. गाणे संपल्यावरही गुणगुणणे चालू राहिले. वहिनी स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ नळ चालू ठेवून उभ्या राहिल्या. ते गुणगुणणे म्हणजे ओळख होती, आनंद होता, की केवळ कानावर पडलेल्या सुराचा पडसाद होता? आकाशातून आलेल्या एखाद्या लयबद्ध स्पंदाविषयी ज्योतिर्विद हाच प्रश्न विचारतात. १९६७ साली पहिल्या पल्सारचे स्पंद टिपले गेले, तेव्हा ते कोणा बुद्धिमान जीवाचे असतील काय, अशी शंका काही काळ आली होती. तो निघाला एक फिरणारा मृत तारा. लय असली म्हणजे मन असतेच असे नाही. आणि मन असले म्हणजे लय असतेच असेही नाही.

दीड वर्षानंतर सुधारणा थांबली. आता आणखी फरक पडण्याची आशा थोडी, असे आम्हाला सांगण्यात आले. घरात मतभेद झाले. पुतण्या ऑस्ट्रेलियाहून दर रविवारी पडद्यावर दिसे आणि “अण्णा, ओळखलंत का मला?” असे विचारी. त्याचे विचारणे स्वाभाविक होते. मुलाला उत्तर हवे असते. “चालेल,” असे उत्तर आले, की त्याचा चेहरा पडे आणि पडद्यावरही ते दिसे. सराव बंद करावा, त्यांना शांत राहू द्यावे, असे त्याचे मत पडले. वहिनी थकल्या होत्या; तरीही त्या म्हणाल्या, “सराव नको तर नको, पण वन्सं, तुम्ही रोज येऊन काही वाचून दाखवा. मात्र वाचून झाल्यावर ‘कळलं का’ म्हणून विचारू नका.”

तेव्हापासून रोज सायंकाळी मी त्यांच्याकडे जाते. आमच्या दोन सोसायट्यांत चालत सात मिनिटांचे अंतर आहे. अर्धा तास मी नारळीकर वाचते, कधी लेम वाचते, मराठी करता करता. अण्णा खिडकीकडे तोंड करून बसतात. कधी माझ्याकडे पाहतात, कधी नाही. परवा मी ‘सोलॅरिस’ला हॉईलपेक्षा चढा क्रम देत काहीतरी बोलले, तेव्हा त्यांनी मूठ आपटली. तो आमचा जुना वाद होता की पायाला मुंग्या आल्या होत्या, हे मला सांगता येत नाही, आणि मी विचारले नाही.

या अर्ध्या तासात माझ्या मनात दोन्ही अभिवादने समोरासमोर उभी राहतात. उत्तर मागणे हा प्रेमाचाच एक प्रकार आहे. ज्याला उत्तर नको त्याने पत्र तरी का लिहावे? पुतण्याचा प्रश्न आणि गुजराती संदेश यांत मला एकच ओढ दिसते, आणि तिला मी उणे लेखीत नाही. पण उत्तर मागणाऱ्याजवळ ते ओळखण्याची कसोटीही लागते. दिलेले उत्तर त्या कसोटीत बसले नाही, तर देणारा नापास ठरतो. मराठी अभिवादन अशी कसोटीच लावीत नाही. ऐकणारा कोण, त्याला कान आहेत की नाहीत, त्याला जन्म एक की अनेक, याची चौकशी न करता ते त्याला धन्य व्हावयास सांगते. अज्ञानाचा स्वीकार केल्यानंतरही बोलत राहावयाचे असेल, तर या रीतीनेच बोलता येते, असे मला आता वाटते. आपल्या आज्या देवासमोर याच रीतीने बोलत. विज्ञानकथेने तीच रीत यंत्रांच्या आणि ताऱ्यांच्या जगात पुन्हा आणून ठेवली, आणि यासाठीच तिला संतवाङ्मयाच्या कपाटात एक कोपरा द्यावा, असे माझे म्हणणे आहे.

मर्यादा मात्र मर्यादाच राहते. ती गोड मानून घेण्यात मला स्वारस्य नाही. अण्णांच्या मनात या क्षणी काय आहे, हे जाणण्यासाठी मी माझे उरलेले सर्व वाचन देऊन टाकीन. प्रकाशाच्या वेगाची मर्यादा निदान आकड्यांत सांगता येते. पहिले व्हॉयेजर पृथ्वीपासून एक प्रकाशदिवस दूर जाण्याचा हिशेब नोव्हेंबर २०२६ असा मांडलेला आहे. त्या अंतरावर आज केलेली हाक उद्या पोहोचते आणि तिचे उत्तर परवा येते. येथे, खिडकीजवळच्या खुर्चीपर्यंतचे अंतर तीन फूट आहे आणि त्याचा हिशेब कोणत्याच कोष्टकात नाही.

‘प्रेषित’चे वाचन या महिन्यात संपेल. यानंतर अण्णांना ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ वाचून दाखवावे, असा विचार आहे; पण आमची प्रत वाडा सोडताना हरवली. आपल्या कोणाच्या माळ्यावर, ट्रंकेत वा जुन्या कपाटात तिची एखादी जुनी प्रत पडून असेल, तर ती काही आठवड्यांसाठी मिळावी, ही विनंती. पुस्तक जपून वापरीन आणि वेळेवर परत करीन. या बाबतीत मात्र मला उलट संदेशाची अपेक्षा आहे.